दुकानदार वॉरंटीतली दुरुस्ती नाकारतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रिज, टीव्ही, मोबाइल, मिक्सर, इन्व्हर्टरची बॅटरी अशा घरगुती वस्तू समोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. कायदा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि १९८६ चा जुना कायदा रद्द झाला. नेटवर अजून जुन्या कायद्यातल्या मर्यादा आणि फीचे आकडे फिरतात, त्यांवर विसंबू नका.

“आमचं काम विकण्यापुरतं, पुढचं कंपनीशी बोला,” असं दुकानदार म्हणतो. हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. वॉरंटी कार्ड कंपनीचं असतं आणि दुरुस्ती अधिकृत सर्व्हिस सेंटर करतं. दुकानदाराने स्वतः स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा अशी अपेक्षा कोणीच करत नाही. पण तुम्ही पैसे त्याला दिलेत आणि बिल त्याचं आहे, म्हणजे विक्रीचा करार त्याच्याशी झाला. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ प्रमाणे माल विक्रीयोग्य दर्जाचा असणं ही त्या करारातली गृहीत अट असते. शिवाय सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत नकार देणं ही २०१९ च्या कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही बिलाखालची ओळ सदोष मालाला लागत नाही. रंग आवडला नाही म्हणून परत करणं ही वेगळी गोष्ट.

त्यामुळे पहिल्या ३० दिवसांत बिघाड निघाला तर दुकानदाराला सोडू नका. त्यानंतर मुख्य रोख कंपनीकडे ठेवा, पण प्रत्येक ईमेलची प्रत दुकानदारालाही पाठवा.

मग तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची?

दुकानदार, उत्पादक कंपनी आणि सर्व्हिस सेंटर, तिघांविरुद्ध. हा अतिरेक नाही. २०२१ साली गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनी आणि डीलर यांच्यातला करार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला असेल, तर डीलरने केलेल्या चुकीसाठी कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. उलट बाजूने दुकानदारही “दोष कारखान्यातला, मी काय करू” म्हणून सुटू पाहतो. एकालाच सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि दुसरा समोर नसल्यामुळे ग्राहक आयोगाला (ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या मंडळाला) त्याच्याविरुद्ध आदेश देता येत नाही.

काउंटरवर तोंडी नकार मिळाला. आता पहिलं काय करायचं?

नकार कागदावर आणायचा. सगळ्या प्रकरणाचा पाया हाच. तोंडी नकार पुढे कोणी कबूल करत नाही. “ग्राहक आमच्याकडे आलाच नाही” हे उत्तर आयोगापुढे सर्रास दिलं जातं.

वस्तू सेंटरला दिली की जॉब शीट, म्हणजे दुरुस्तीसाठी वस्तू घेतल्याची नोंद-पावती, मागा. त्यावर हे तपासा: तारीख, सीरियल क्रमांक (मोबाइल असेल तर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक), तक्रार तुमच्या शब्दांत, वस्तू घेताना ती कशी दिसत होती, ‘इन वॉरंटी’ की ‘आउट ऑफ वॉरंटी’, आणि नाकारत असतील तर कारण. “चालत नाही” एवढंच लिहू देऊ नका. “दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो, पुन्हा सुरू व्हायला अर्धा तास लागतो” असं लिहून घ्या. पुढच्या वेळी तोच दोष परत आला हे फक्त अशाच वर्णनाने सिद्ध होतं.

तंत्रज्ञ घरी येणार असेल तर ओटीपी सांभाळा. बऱ्याच कंपन्या काम झाल्यावर ग्राहकाला आलेला कोड मागतात, त्याला ‘हॅपी कोड’ वगैरे गोड नावं असतात. तो दिला की संगणकात कॉल ‘निकाली’ म्हणून बंद होतो. पार्ट मागवलाय, आठवड्याने येतो म्हणणाऱ्यालाही कोड द्यायचा नाही. कोऱ्या किंवा “समाधानी आहे” असं छापलेल्या कागदावर सही मागितली तर सहीच्या वर “काम अपूर्ण” असं लिहून मगच सही करा.

जॉब शीटच देत नाहीत, वस्तू घ्यायलाही नकार देतात. तेव्हा?

घरी पोहोचायच्या आत, त्याच दिवशी ईमेल करा. खोक्यावर किंवा वस्तूच्या लेबलवर ग्राहक तक्रारींसाठी पत्ता, फोन आणि ईमेल छापलेला असतो. आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंबाबतच्या नियमांनुसार तो छापणं बंधनकारक आहे. मजकूर इतकाच पुरे:

“मी दिनांक … रोजी … या दुकानातून, बिल क्र. … अन्वये, … मॉडेल, सीरियल क्र. … विकत घेतले. त्यात … हा बिघाड आहे. आज दुपारी … वाजता आपल्या … येथील केंद्रात ते नेले असता वॉरंटीत दुरुस्ती करण्यास नकार देण्यात आला व कारण लेखी देण्यास नकार देण्यात आला. सात दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करावी किंवा नकाराचे कारण लेखी कळवावे.”

यात रागाचा एकही शब्द नको. हाच कागद पुढे आयोगाचे सदस्य वाचणार असतात.

बिल सापडत नाही, किंवा दुकानदाराने कच्ची पावतीच दिली होती. वॉरंटी गेली का?

बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडे दुसरी प्रत मागा. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाच्या संगणकात बिल मोबाइल क्रमांकावर सापडतं. यूपीआय किंवा कार्डाचा व्यवहार, ईएमआयची कागदपत्रं, डिलिव्हरी चलन, इन्स्टॉलेशनचा कॉल हे सगळं खरेदीचा पुरावा म्हणून चालतं. अनेक कंपन्या सीरियल क्रमांकावरून उत्पादनाचा महिना काढतात आणि खरेदीचा पुरावा नसेल तर वॉरंटी तिथपासून मोजतात. त्यात तुमचे काही महिने जातात, पण काहीच न मिळण्यापेक्षा बरं.

“बिल नको असेल तर हजार रुपये कमी” हा सौदा मात्र महागात पडतो. ‘एस्टिमेट’ लिहिलेल्या चिठ्ठीवर जीएसटी क्रमांक नसतो, सीरियल क्रमांक नसतो आणि कंपनी ती मानत नाही. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे दुकानदाराला सांगून पाहा. पक्कं बिल अनेकदा तिथेच निघतं.

वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नाही.

बिलावर सीरियल क्रमांक असेल तर शिक्क्याचं कारण टिकत नाही. शिक्का मारणं दुकानदाराचं काम, त्याच्या चुकीचा भुर्दंड ग्राहकाला बसू नये.

“पाणी गेलंय”, “आपटलंय”, “व्होल्टेजमुळे जळलंय” या कारणांना काय उत्तर द्यायचं?

सगळ्यात जास्त नकार याच तीन शब्दांवर होतात. कधी ते खरेही असतात, म्हणून आधी स्वतः नीट पाहा.

पाणी: मोबाइलच्या सिम ट्रेच्या खाचेत किंवा आतल्या बोर्डावर छोटी पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल-गुलाबी होते. पट्टी लाल आहे म्हणजे पाणी कधीतरी तिथे पोहोचलं, एवढंच कळतं. आजचा बिघाड त्यामुळेच झाला हे त्यातून सिद्ध होत नाही. फोन देण्याआधी त्या खाचेचा उजेडात फोटो काढा. सेंटरने आत गंज दाखवला तर आयएमईआय दिसेल असा फोटो आणि कोणता भाग गंजला ते लेखी मागा. दुसऱ्याच फोनचा फोटो दाखवला जाऊ नये यासाठी एवढी काळजी पुरेशी असते.

आपटणं: मार लागलेल्या पडद्याला एक केंद्र असतं आणि भेगा तिथून पसरतात. नुसती सरळ उभी रेघ, एका बाजूने काळोख किंवा बाहेरची काच शाबूत असताना आलेले पट्टे हे बहुधा पॅनलच्या कडेच्या जोडाचे दोष असतात. टीव्हीच्या बाबतीत खोकं तंत्रज्ञ येण्याआधी उघडू नका. उघडलंत तर वाहतुकीतली तडाही तुमच्या नावावर जाते.

व्होल्टेज: पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जळला की हे कारण तयारच असतं. खोक्यावर किंवा जाहिरातीत “स्टॅबिलायझरशिवाय चालतो” असं छापलं असेल तर तो खोका आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. स्वतःच असा दावा करणाऱ्या कंपनीला नंतर स्टॅबिलायझर नव्हता म्हणून हात झटकणं अवघड जातं. उंदरांनी वायर कुरतडली असेल तर मात्र भांडू नका, ते वॉरंटीत येत नाही.

तिन्ही बाबतींत मागणी एकच: कारण, तपासाची पद्धत आणि फोटो, जॉब शीटवर किंवा ईमेलवर.

फ्रिजच्या कॉम्प्रेसरला १० वर्षांची वॉरंटी आहे, तरी पैसे मागतात. ही फसवणूक आहे का?

बहुतेक वेळा नाही, पण जाहिरात अर्धवट असते. सामान्यतः पूर्ण फ्रिजला एक वर्ष आणि नंतर फक्त कॉम्प्रेसर या सुट्या भागाला वॉरंटी असते. व्हिजिट चार्ज, मजुरी, गॅस भरणं, फिल्टर ड्रायर, ने-आण हे दुसऱ्या वर्षापासून ग्राहकाच्या खिशातून जातं. कूलिंग कॉइलमधून गॅस गळत असेल तर तो कॉम्प्रेसरचा दोषच नव्हे. म्हणून “गॅस भरू” म्हणण्याआधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. गळती बंद न करता भरलेला गॅस पुन्हा निघून जातो आणि पैसेही जातात. खर्चाचं अंदाजपत्रक कामाआधी लेखी घ्या, प्रत्येक बाब वेगळी लिहिलेली.

मिक्सरचंही तसंच. मोटरची पाच वर्षं म्हणजे कपलर, ब्लेड आणि भांड्याच्या रबराची पाच वर्षं नव्हेत.

इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ४८ महिने लिहिलं होतं. तिसऱ्या वर्षी नवीन बॅटरी द्यायला नकार.

कार्डावर “२४+२४” असं आहे का पाहा. पहिल्या २४ महिन्यांत बॅटरी बदलून मिळते, पुढच्या २४ मध्ये ‘प्रो-राटा’, म्हणजे नव्या बॅटरीच्या किमतीवर ठरावीक सूट. ही सूट बहुधा एमआरपीवर मोजतात. बाजारात तीच बॅटरी एमआरपीपेक्षा बरीच स्वस्त मिळते, त्यामुळे सूट घेण्याआधी साध्या खरेदीचा भाव काढा. बदलून मिळालेल्या बॅटरीलाही मूळ वॉरंटीचे उरलेले महिनेच मिळतात.

नकाराची नेहमीची कारणं दोन: पाण्याची पातळी खाली जाऊन प्लेट उघड्या पडणं, आणि डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी घालणं. केंद्रात बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून मग हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक सेलमधल्या आम्लाची घनता आणि लोड टेस्ट (भार देऊन चाचणी) घेतात, त्याला दोन-तीन दिवस लागतात. एकाच सेलची घनता पडली असेल तर तो बिघाड वापरातल्या हलगर्जीपेक्षा आतल्या दोषाकडे बोट दाखवतो. सहाही सेलचे आकडे लिहून मागा. आणि तोवर ‘सर्व्हिस बॅटरी’ मागायला लाजू नका, अनेक डीलर देतात.

गल्लीतल्या मेकॅनिकने एकदा उघडलं होतं. आता वॉरंटी संपली?

कार्डावर तशी अट असेल तर कंपनी तिचा आधार घेणार. तरी उघडण्याचा आणि आजच्या बिघाडाचा संबंध कंपनीने दाखवावा, असा युक्तिवाद करता येतो. रिमोटचा सेन्सर बदलल्यामुळे पॅनल जात नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ही कमकुवत बाजू आहे. वॉरंटीत असेपर्यंत सील तोडू देऊ नका.

तीच तक्रार चौथ्यांदा. नवी वस्तू मिळायलाच हवी ना?

इतक्या वेळा दुरुस्ती झाली की वस्तू बदलून द्यावी, असा आकडा आपल्या कायद्यात नाही. गाडीच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटी भाग बदलण्यापुरत्या असतील तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही असं म्हटलं होतं. म्हणून मागणी उतरत्या क्रमाने लिहा: आधी वस्तू बदलून द्या, ते नाही तर व्याजासह किंमत परत, तेही नाही तर दोष दूर करून वाढीव वॉरंटी आणि भरपाई. एकाच दोषाच्या तीन-चार जॉब शीट पाठोपाठ जोडल्या की बदलून देण्याची मागणी वजनदार होते.

ऑनलाइन घेतलं, आणि साइट म्हणते आम्ही फक्त मध्यस्थ.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव जाहीर करायला हवं, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी आणि एका महिन्यात निकाल लावायला हवा. विक्रेत्याची माहितीही तिने दिली पाहिजे. सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. खरेदीच्या दिवशीच उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, वॉरंटीची ओळ नंतर बदललेली आढळते. साइटवरच्या बिलावरचा विक्रेता आणि खोक्यावरचा आयातदार वेगळे असू शकतात, दोघांची नोंद ठेवा.

दुकानदाराने विकलेली एक्स्टेंडेड वॉरंटी कामी येत नाही.

ती बहुधा कंपनीची नसून तिसऱ्याच संस्थेची असते. कागदावर कोणाचं नाव आहे, दर वर्षी किती घसारा कापणार, एका दाव्याची मर्यादा किती हे वाचा. पैसे दुकानदाराने घेतले आणि शब्दही त्यानेच दिला, त्यामुळे तक्रारीत दुकानदारही असला पाहिजे.

१९१५ वर फोन करून उपयोग होतो का?

होतो, विशेषतः मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. मराठीत बोलता येतं. पण ती न्यायालय नाही, तिचा शब्द कंपनीवर बंधनकारक नाही. आणि तिथली तक्रार चालू असताना तुमची कायदेशीर मुदत थांबत नाही. दोन-तीन आठवड्यांत हललं नाही तर पुढे सरका.

नोटीस पाठवणं सक्तीचं आहे का?

नाही. तरी पाठवा, कारण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. वकिलाच्या लेटरहेडची गरज नाही. एक पान, तारखांच्या क्रमाने, शेवटी मागणी आणि १५ दिवसांची मुदत. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि डिलिव्हरीचा पुरावा ठेवा. कंपनीला पाठवताना नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा.

जिल्हा आयोगात तक्रार कशी, कुठे, किती फी?

तुम्ही राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता त्या जिल्ह्यात. दुकान पुण्यात, कंपनी गुरुग्रामला आणि तुम्ही साताऱ्यात असाल तरी साताऱ्यातच. वस्तूची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. इथे वस्तूची किंमत धरतात, मागितलेली भरपाई नाही. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. नुसते ईमेल पाठवत राहिल्याने ती वाढत नाही.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. सोबत शपथपत्र, कागदपत्रांची यादी, बिल, वॉरंटी कार्ड, सगळ्या जॉब शीट, नोटीस आणि तिचा डिलिव्हरी पुरावा. व्हॉट्सअ‍ॅप, ईमेलच्या प्रती जोडत असाल तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही जोडा. जिल्हा आयोगात मराठी चालते आणि वकील लागत नाही. सुनावणी व्हिडिओद्वारे व्हावी असा अर्ज करता येतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मसुदा करायला मार्गदर्शन करतात.

सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. निकालासाठी कायद्यात तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच, असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष धरून चाला.

बाजू खरी असूनही तक्रारी कशामुळे पडतात?

सर्वात मोठं कारण म्हणजे नुसता ‘निर्मितीदोष’ हा एकच शब्द लिहून थांबणं. निर्मितीदोष आहे हे सिद्ध करायचं तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो. वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद ग्राहक कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे, पण त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते आणि दहा हजारांच्या मिक्सर-मोबाइलसाठी ते परवडत नाही. त्याऐवजी ‘सेवेतील त्रुटी’ हा मुद्दा ठळक मांडा: वॉरंटी चालू होती, वस्तू नेली, कारण लेखी न देता नकार दिला. हे कागदांनीच सिद्ध होतं. दोन्ही मुद्दे लिहा, पण भार दुसऱ्यावर टाका.

‘प्रॉडक्ट लायबिलिटी’ची कलमंही लोक उत्साहाने घालतात. ती वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी किंवा इतर मालमत्तेच्या हानीसाठी आहेत. खुद्द वस्तूचं नुकसान त्यातून वगळलेलं आहे. फ्रिजने आग लागली तर ती कलमं लावा, फ्रिज गार होत नाही म्हणून नको.

आणखी एक: तक्रार चालू असताना वस्तू विकणं किंवा बाहेर दुरुस्त करून घेणं. पुरावाच नाहीसा होतो. अगदीच अडलं तर आधी नोटीस द्या, मग व्हिडिओ काढून दुरुस्त करा आणि जुना पार्ट पिशवीत घालून ठेवा.

वस्तू भेट मिळाली आहे, किंवा दुकानात वापरतो. हक्क मिळतो?

विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच. लग्नातल्या टीव्हीचं बिल मामाच्या नावावर असलं तरी चालतं, मामाचं संमतीपत्र जोडा. धंद्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याबाहेर जाते, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी असेल तर ग्राहक ठरता. एकट्याने चालवलेल्या आइस्क्रीमच्या गाड्यावरचा डीप फ्रीझर यात बसतो. अशा वेळी तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा. मात्र आधी त्या वस्तूच्या वॉरंटी कार्डावर “व्यावसायिक वापरास लागू नाही” असं आहे का ते पाहा.

आदेश मिळाला, पण समोरचा पाळत नाही.

अपिलाची मुदत ४५ दिवस असते, आणि अपील करणाऱ्या सामनेवाल्याला आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. ती मुदत उलटली आणि स्थगिती नसेल तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा: कलम ७१ खाली वसुली, आणि कलम ७२ खाली शिक्षा. या दुसऱ्या कलमात एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्जाला आदेशाची प्रमाणित प्रत लागते, ती निकालाच्या दिवशीच मागून ठेवा.